टपालाने गेलेली पाठ

मी एक जुना पुठ्ठ्याचा खोका आहे. उंचीने वीतभर, रुंदीने त्याहून थोडा कमी. माझ्या पुढच्या अंगावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र छापलेलं आहे. मागचं अंग मला नाही. तिथे एक मोठं चौकोनी भोक आहे. मित्रांनो, त्या भोकामुळे एका घरावर काय ओढवलं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

कारखान्यात मी आधी सपाट होतो. माझ्यावर छपाई झाली, मग घड्या पडल्या, कडांना गोंद लागला आणि माझ्या पोटात एक पांढरं यंत्र बसवण्यात आलं. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारं यंत्र. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. तो रक्तात शिरतो आणि प्राणवायूची जागा बळकावतो. माणसाचं आधी डोकं दुखतं, मग त्याला झोप येते, आणि त्या झोपेतून तो उठत नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, कारण ते माझ्या पाठीवरच छापलेलं होतं. त्याखाली दोन ओळी होत्या. यंत्र चार वेळा वाजून थांबलं आणि पुन्हा चार वेळा वाजलं, तर हवेत वायू आहे, ताबडतोब घराबाहेर पडा. मिनिटाला एकदाच वाजलं, तर यंत्र बिघडलं आहे. आणि त्या ओळींना लागूनच बारकोड होता.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, तांब्याच्या बंद पडलेल्या खाणींजवळच्या एका दुकानात मी फळीवर उभा होतो. ड्वेन नावाच्या माणसाने मला उचललं ते माझ्या पाठीवरचा मजकूर वाचून नव्हे. माझ्या कपाळावर पिवळी चिठ्ठी होती : पूर्ण किंमत परत.

"वर्ना, हे बघ, फुकट आहे!" तो बायकोला म्हणाला.

"फुकट आहे तर पैसे कशाला मागतायत?"

"आत्ता द्यायचे. मग फॉर्म, पावती नि बारकोड टपालाने पाठवायचा. आठ आठवड्यांत चेक घरी."

"तुझ्या त्या ड्रिलचा चेक आला का अजून?"

"तो वेगळा विषय आहे," ड्वेन म्हणाला.

घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याने मोठी कात्री घेतली. वर्नाची आई आयली समोर बसली होती. म्हातारी चिवट होती, आणि कागदांच्या बाबतीत जावयाहून शहाणी. फॉर्म आणि पावती यांच्या प्रती तिने वाचनालयात जाऊन आधीच काढून ठेवल्या होत्या.

"अरे, केवढं कापतोस! बारकोड बोटाएवढा आहे."

"सासूबाई, कमी पाठवलं की त्यांना नाही म्हणायला निमित्त मिळतं. थोडं जास्त गेलेलं बरं."

"मग त्याचीही प्रत काढू दे."

"पुठ्ठ्याची प्रत? बरं, मग चौकट करून भिंतीवर लावू या!" असं म्हणत त्याने पाकीट चिकटवूनही टाकलं. माझ्यासोबत आलेलं माहितीपत्रक त्याच संध्याकाळी अंगणातल्या साउनाची, म्हणजे दर शनिवारी वापरायच्या वाफेच्या न्हाणीघराची, चूल पेटवायला गेलं.

कापताना मला दुखलं नाही. दुखायला लागलं ते नंतर. ज्यांचा पाय कापावा लागतो, त्यांना नसलेल्या पायाची बोटं खाजतात म्हणतात. माझी नसलेली पाठ मला जाणवू लागली. ती एका पोत्यात होती. पोतं हललं, थांबलं, पुन्हा हललं. मग दूर कुठेतरी, जिथे हिवाळ्यातही भिंती उबदार असतात, ती एका ट्रेमध्ये पडली. तिच्यावर एक पाकीट येऊन पडलं, त्यावर दुसरं, मग शेकडो. माझे शब्द त्या ढिगाच्या तळाशी अंधारात उताणे पडले होते.

चेक येईपर्यंत खोका टाकायचा नाही, हा आयलीचा नियम. म्हणून तिने मला स्वयंपाकघरातल्या उंच फळीवर ठेवलं, भोक खोलीकडे करून. त्या भोकातून मी सगळं पाहत असे.

मग तिथला खरा हिवाळा सुरू झाला. जवळच्या मोठ्या सरोवरावरून येणारं हिम दिवसरात्र पडत राही. खालच्या खिडक्या बुजल्या. घराच्या मागच्या भिंतीतून, घर उबदार ठेवणाऱ्या गॅसभट्टीचा धूर बाहेर टाकणारा पाइप होता, तोही बुजला. तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण मागच्या बाजूला कुणी जातच नव्हतं.

एका सकाळी, ड्वेनने भिंतीवर लावलेलं यंत्र ओरडलं. चार वेळा. थांबलं. पुन्हा चार वेळा.

ड्वेनने ते काढलं, हलवलं, टेबलावर आपटलं. शेवटी मला आणि त्याला घेऊन तो दुकानात गेला. गल्ल्यावरच्या बाईने मला फिरवून पाहिलं आणि माझ्या भोकातून तिचा डोळा मला दिसला.

"बारकोड कुठे गेला?"

"परताव्यासाठी पाठवला."

"मग आम्हाला हे परत घेता येणार नाही."

"अहो, पण बिघडलंय ते!"

"बारकोड नाही, तर हे आमच्याच दुकानातलं कशावरून? आणि आत्ता तर गप्प आहे की."

ते खरं होतं. यंत्र गाडीत गप्प होतं, दुकानातही गप्प होतं. घराचं दार उघडून आत आल्यावर थोड्याच वेळात ते पुन्हा ओरडू लागलं.

"बघा," ड्वेन म्हणाला, "याला आपलंच घर आवडत नाही."

सगळे हसले. मला ओरडून सांगायचं होतं, पण ज्या तोंडाने मी ते सांगितलं असतं, ते कापून टपालात टाकलेलं होतं.

ड्वेन बॅटरी उपटायला निघाला, तेव्हा आयलीने त्याचा हात धरला. "चेक येईपर्यंत ते उघडायचं नाही. तुम्हीच बिघडवलं म्हणतील." म्हणून त्याने यंत्र जाड लोकरी मोज्यात गुंडाळलं, माझ्या पोटात कोंबलं आणि मला फळीवर सरकवलं. त्या दिवसापासून ते माझ्या आत ओरडत राहिलं. मोज्यामुळे खोलीत फक्त बारीक कुरकुर ऐकू जाई. एखाद्या भिंतीत उंदीर अडकला असावा, तशी.

वारा सुटला की पाइपवरचं हिम उडे आणि यंत्र गप्प होई. हवा पडली की घर पुन्हा बदलू लागे. वर्नाचं डोकं दुखे. ड्वेन खुर्चीत बसल्या बसल्या झोपे आणि तापाची साथ आहे म्हणे. आणि आयलीला पावलं ऐकू येऊ लागली.

तळघरातून वर येणाऱ्या जिन्यावर, जड बुटांची. तिचा नवरा एइनो खाणीत कामाला होता, त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो असाच चढायचा म्हणे, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. मित्रांनो, मला कान नाहीत, तरी मी सगळं ऐकतो. ती पावलं मात्र मला कधी ऐकू आली नाहीत. मला फक्त आयली दिसे. ती कॉफीचा दुसरा कप भरायची, तळघराच्या दाराकडे तोंड करून बसायची आणि हळूहळू हसायची.

"आई, असं करू नकोस. मला भीती वाटते," वर्ना म्हणाली.

"भीती कसली? तुझा बाप आहे तो. जिवंतपणी कधी मुंगी मारली नाही, आता आपलं काय वाकडं करणार?"

"काल मलापण कुणीतरी दाराशी उभं दिसलं."

"मग हाक मारायचीस ना! दारात उभं ठेवलंस बिचाऱ्याला?"

आठ आठवडे उलटले, चेक आला नाही. ड्वेन म्हणाला, "जाऊ द्या." आयली म्हणाली, "त्यांना तेच हवंय. दहातले नऊ जण जाऊ द्या म्हणतात, त्यावरच त्यांचं पोट भरतं." तिने फॉर्मवरच्या नंबरवर फोन केला. ध्वनिमुद्रित आवाजाने सांगितलं की प्रक्रिया चालू आहे. पुढच्या आठवड्यातही त्याने तेच सांगितलं, त्याच जागी श्वास घेऊन.

मग ती दुपार आली. वारा अजिबात नव्हता. हिम सरळ खाली पडत होतं, आवाज न करता. ड्वेन बर्फ उपसायची गाडी घेऊन रस्त्यावर होता. वर्ना सोफ्यावर झोपली होती, तोंड किंचित उघडं. आयलीने मला खाली काढून फोनशेजारी ठेवलं, कारण यंत्रावरचा क्रमांक विचारतील असं तिला वाटलं. मोजा काढला आणि आतला आवाज सगळ्या खोलीत पसरला. वर्ना हलली नाही.

आयलीला कमी ऐकू येई, म्हणून तिच्या फोनचा आवाज मोठा असे. बराच वेळ संगीत वाजत राहिलं. मग एक खरा, जिवंत आवाज आला.

"नमस्कार, मी रोसारियो बोलतेय."

"तू माणूस आहेस का?"

"हो मॅडम," पलीकडची मुलगी हसली. "दुपारपर्यंत तरी होते."

आयलीने नाव सांगितलं, प्रतींवरचा क्रमांक वाचून दाखवला. वाचताना तिची जीभ जड पडत होती.

"सापडलं. तुमचा परतावा अडकलाय. बारकोडसोबत खूप जास्तीचा पुठ्ठा आलाय, मशीनला वाचता आला नाही. थांबा, त्याचं चित्र उघडते." आणि मग, "मॅडम, तिकडे काय वाजतंय?"

"तेच ते. तुमचं बिघडलेलं यंत्र. थांब रे एइनो, मी फोनवर आहे."

"कोण आलंय?"

"माझा नवरा. जिन्यावर आहे. वारला तो, पण येतो अधूनमधून."

यंत्र चार वेळा वाजलं. थांबलं. चार वेळा वाजलं.

आणि त्या क्षणी, मित्रांनो, माझ्या नसलेल्या पाठीवरून कुणीतरी बोट फिरवलं. शेकडो कोसांवर रोसारियो माझे शब्द मोठ्याने वाचत होती. "चार वेळा वाजून थांबलं... आजी, ते बिघडलेलं नाही. घरात विषारी वायू आहे. बाहेर पडा. आत्ता!"

"आणि चेक?"

"अहो, चेक गेला खड्ड्यात!"

"फोन ठेवला की पुन्हा रांगेत उभं करतील मला. आधी नोंद कर."

"केली! माझं नाव लिहून घ्या, मीच करून देईन. घरात आणखी कोण आहे?"

"माझी मुलगी. झोपलीय."

"आजी, तिला उठवा. ती आपण होऊन उठणार नाही."

आयलीने सोफ्याकडे पाहिलं. मग तळघराच्या दाराकडे पाहिलं, आणि तिची मान तिकडेच राहिली. मला वाटलं, आता ही जाणार नाही. खोलीत सगळं स्थिर होतं. फक्त यंत्र ओरडत होतं आणि फोनमधून रोसारियो "आजी! आजी!" करत होती.

"एइनो, तू थांब," आयली शेवटी म्हणाली. "मला पोरीला बघू दे."

तिने अंगणाकडचं दार उघडलं. हिमाचा ढीग आत कोसळला. तिने ओंजळभर हिम उचललं आणि वर्नाच्या तोंडाला चोळलं.

"आई गं! काय करतेस?"

"ऊठ. साउनात चल."

"आज शनिवार आहे का?"

"हो, शनिवार आहे. चल."

एका हाताने मुलीला ओढत आणि दुसऱ्या काखेत मला दाबून ती अंगण ओलांडून गेली. पुरावा म्हणून मी हवा होतो ना! साउनाच्या थंड खोलीत वर्नाला उलटी झाली आणि ती रडू लागली. माझ्या पोटातलं यंत्र हळूहळू गप्प झालं. भोकातून मला घर दिसत होतं. आत दिवे होते, टेबलावर दोन कप होते, फोन लोंबकळत होता, आणि आत कुणी नव्हतं.

रोसारियोने फॉर्मवरचा पत्ता पाहून आमच्या भागातल्या शेरीफच्या पोलीस कचेरीत फोन केला होता. अग्निशमनवाले आले, त्यांच्यामागून ड्वेन. घरातली हवा मोजणाऱ्या माणसाचा चेहरा उतरला. "तुम्हाला सावध कुणी केलं?" त्याने विचारलं.

"परताव्यावाल्यांनी," आयली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी भट्टी दुरुस्त करणारा वेइको आला. ड्वेन दारात मान खाली घालून उभा होता. पाइप हिमाच्या वर उंच न्यायचा, असं ठरलं. आयलीने वेइकोला विचारलं, "या वायूने पावलं ऐकू येतात का रे?"

"येतात, मावशी. माणसंही दिसतात. काळजी करू नका, पाइप लागला की सगळं बंद होईल."

"सगळं?"

"सगळं."

ती तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली, भिंतीला हात लावून. आत वर्ना खोकत होती. आयली परत आली आणि म्हणाली, "लाव."

चेक अजून आलेला नाही. आयली दर सोमवारी फोन करते. कुणाशी बोलली, ते तारखेसह लिहून ठेवते. यंत्र बनवणाऱ्या कंपनीला तिने पत्र पाठवलं आहे, आणि राज्याच्या ग्राहक कचेरीत तक्रारही केली आहे, सगळ्या प्रती जोडून. रोसारियो तिथली नोकरी सोडून गेली, पण जाताना नोंद खरंच करून गेली होती.

मित्रांनो, पैसे परत मागायला लाजू नका, आणि मिळाले नाहीत म्हणून गप्पही बसू नका. पण कात्री हातात घ्याल, तेव्हा आधी वाचा. कापायचं असेल तेवढंच कापा आणि त्याचीही प्रत ठेवा. घरातली एखादी वस्तू पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगत असेल, तर तिला मोज्यात गुंडाळू नका.

यंत्र आता पुन्हा भिंतीवर आहे. महिन्यातून एकदा आयली त्याचं बटण दाबून पाहते. ते चार वेळा वाजतं आणि थांबतं. मग घर अगदी शांत होतं, तळघराच्या जिन्यावरही काही वाजत नाही, आणि आयली बटणावरचं बोट लगेच काढत नाही.