एका बरणीत दोघी

तातेराव सरांना समुद्रातले प्राणी आणि आकाशातले तारे दोन्ही तोंडपाठ होते. घरातली माणसं तेवढी त्यांना कधी कळली नाहीत, किंवा कळूनही वळली नाहीत. सर म्हणजे माझे दाजी, उषाअक्काचा नवरा. भोकरदनच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. १९८३ साली बारावी झाल्यावर मी तीर्थपुरीहून त्यांच्याकडे बी.एस्सी. करायला आले. बहिणीच्या घरी राहून शिकायचं आणि तिच्या कामाला हात लावायचा, ही आमच्याकडची रीतच आहे. मला मास्तरीण व्हायचं होतं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत एका बरणीत जेलीफिश होती, सरांनी समुद्रकाठच्या ओख्याच्या सहलीतून आणलेली. नाव कॅसिओपिया अँड्रोमेडा. बाकीच्या जेलीफिश छत्रीसारख्या तरंगतात, ही समुद्राच्या तळाशी उताणी पडून राहते. सर सांगायचे, ग्रीकांच्या गोष्टीत कॅसिओपिया ही राणी. तिनं रूपाची बढाई मारली, देव कोपले, आणि खडकाला बांधलं कुणाला, तर तिच्या पोरीला, अँड्रोमेडाला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

दिवाळीनंतर जेवणं झाली की सर आम्हाला गच्चीवर नेऊन तीच दोन नावं आभाळात दाखवायचे. उत्तरेला पाच ताऱ्यांची वाकडीतिकडी रांग, ती कॅसिओपिया. तिच्याजवळ अँड्रोमेडा. आपल्या मराठीत पहिलीला शर्मिष्ठा म्हणतात आणि दुसरीला देवयानी. मग सर हसून म्हणायचे की ग्रीकांच्या मायलेकी आपल्याकडे येऊन सवती झाल्या बघा. हा विनोद ते दर वर्षी नव्या वर्गालाही ऐकवायचे. अक्का हसायची, आणि मीही हसायचे, गाढवासारखी.

अक्काला दोन मुली होत्या. दुसरीच्या बाळंतपणात तिची पिशवी काढावी लागली आणि घरात वंशाच्या दिव्याची कुजबुज सुरू झाली. तिची सासू झुंबरबाई उठता-बसता सरांच्या दुसऱ्या लग्नाचं बोलायची. परक्या घरची आणली तर ती अक्काला उंबऱ्याबाहेर काढणार, हे सगळ्यांना दिसत होतं. त्यावर आमच्याकडे जुना तोडगा आहे, पाठची बहीणच सवत म्हणून आणायची. रक्ताची असते, सांभाळून घेते. पोरगी शोधत हिंडायचीही गरज नव्हती, ती त्याच घरात भांडी घासता घासता प्राणिशास्त्र पाठ करत होती. माझ्या वडिलांना वाटलं, बरं झालं, दुसरीलाही उजवून मोकळे झालो. सरांनी तर नाहीही म्हटलं नाही आणि होही म्हटलं नाही. ते नुसते पेपर वाचत बसले. अक्का मात्र माझ्यापुढे पदर पसरून बसली.

"शिवे, तू न्हाई म्हणलीस तर मी कुठं जाऊ?"

मी कुठं जाऊ, हे कुणी विचारलं नाही. मला तेव्हा तिची दया आली. आजही येते, पण रागही तेवढाच येतो.

पिंपळगाव रेणुकाईला देवीसमोर आमच्या माळा झाल्या. ना वाजंत्री, ना पत्रिका. पहिली बायको असताना दुसरी केल्याचं कॉलेजात उघड झालं असतं तर सरांची नोकरी गेली असती. म्हणून मी मंगळसूत्र घरात घालायचं आणि बाहेर पडताना डब्यात ठेवायचं. लोकांसमोर नवऱ्याला दाजी म्हणायचं. अख्ख्या भोकरदनला सगळं ठाऊक होतं, पण कागदावर काही नव्हतं, आणि सरकार कागदच वाचतं. माझं कॉलेज सुटलं ते कायमचं.

बाळंतपणाला मला जालन्याला नेलं. दवाखान्यात माझं नाव उषा सांगितलं. नर्स उषाबाई म्हणून हाक मारायची आणि मी कळा सोसत दाराकडे अक्काला शोधायचे. मुलगा झाला. झुंबरबाईंनी पेढे वाटले. बद्रीनाथची आई म्हणून अक्काचं नाव लागलं. मी मावशी झाले. पाजायला, धुवायला, तापात उशाशी बसायला मावशी लागायची. शाळेच्या स्नेहसंमेलनात खुर्चीवर आई बसायची.

एकदा मी भांडले. ताट फेकलं, दार लावून घेतलं, तीर्थपुरीला निघून जाते म्हणाले. पोरगं मला कधी आई म्हणणार, तेवढं सांगा, एवढंच माझं मागणं होतं. सर दाराबाहेरून बोलले, आवाज अगदी वर्गातला.

"मी रिटायर होईस्तोवर थांब. मंग साऱ्या गावासमोर तो तुला आई म्हणंल. माझा शब्द हाये."

त्या शब्दावर मी जगले. पोरगं कडेवरून उतरलं, शाळेत गेलं, मिसरूड फुटलं, औरंगाबादला इंजिनिअरिंगला गेलं. मी सरांच्या निवृत्तीची वाट पाहत राहिले. लोक मोक्षाचीसुद्धा एवढी पाहत नसतील.

२००५ साली सर निवृत्त झाले. निरोप समारंभाला शाल-श्रीफळ घेताना शेजारी अक्का होती, मी मागच्या रांगेत होते. घरी आल्यावर पाटपाणी झालं. अक्का, सर आणि सुट्टीवर आलेला बद्री जेवायला बसले. मी भाकरीची टोपली हातात घेऊन उभी होते. तशीच उभ्यानं म्हणाले की आज नोकरी संपली, आता पोराला सांगा.

सर खाली बघून पेन्शनचं काहीतरी पुटपुटले. अजून मंजूर व्हायची होती, उगाच कुणी अर्ज-फाटे केले तर अडकेल, वगैरे. अक्का रडायला लागली. बद्रीनंच जेवता हात थांबवला.

"मला पाचवीपासून ठाऊक हाये, मावशी."

एवढी वर्षं ज्या शब्दासाठी मी तोंड शिवून घेतलं, तो त्याच्यापाशी होता आणि त्यानं तो दिला नव्हता. ठाऊक होतं तर एकदाही आई का म्हणाला नाहीस, असं मी विचारलं. तो चिडला नाही. शिकलेला मुलगा आहे, आवाज बापासारखाच शांत आहे.

"कागदावर माझी आई अक्का हाये. तुला आई म्हणलं तर मी कोण ठरतो?"

अक्काचं रडणं थांबलं. सरांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि न पिता खाली ठेवला. पोराचं काही चुकलं नव्हतं. जे घराला सोयीचं, ते तो घरातच शिकला होता. मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही.

"अन् मी कोण ठरते रे?" मी विचारलं.

बद्रीनं ताट पुढं केलं आणि म्हणाला, मावशी, अर्धी भाकरी दे. मी वाढली.