रांगेबाहेरची घागर

बेचाळिसाव्या वर्षी मी चित्रकलेच्या वर्गात नाव घातलं, तवा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. वर्गातली पोरं मला मावशी म्हणायची. म्हणू द्या. पहिल्या वर्षी माझ्या घागरीचं तोंड वाकडंच यायचं, पोरं फिदीफिदी हसायची. कागदामागं कागद वाया घातले, पण हटले न्हाई. आता डोळे झाकून काढते. लोक म्हणतात, चित्राला प्रेरणा लागते. मला तर नुसता राग पुरला.

वर्षाच्या शेवटी प्रदर्शन होतं. विषय दिला पाणवठा. पोरींनी कमरेवर घागर घेतलेल्या नटव्या बाया काढल्या. मी बहात्तरच्या दुष्काळातली आमच्या गावची विहीर काढली. तिथं बायाच न्हाईत. बाया खडी फोडायला गेलेल्या, त्यांच्या जागी घागरी नंबर धरून उभ्या. कोणती कुणाची, समद्या गावाला पाठ. काठाला लांब रांग, आन् खाली दगडापाशी माझी एकटी घागर. गावात बौद्धाचं घर आमचं एकच. आम्ही विहिरीला शिवायचं न्हाई. कुणी वरून ओतलं तर पाणी, न्हाई तर घागर रिकामी.

आमचे गुरुलिंग सर माणूस वाईट न्हाई. म्हणाले, "चांगुणाबाई, ही घागर रांगेत घ्या. चित्राचा तोल जातोय."

"सर, तोल तवाच गेलता."

"उद्या कलेक्टर साहेब येणार. नव्या जिल्ह्याचं काही चांगलं दाखवू. घागर हलवा, नाहीतर चित्र लागणार नाही."

प्रदर्शनात माझं तेवढं एकच चित्र. ते भिंतीला लागावं म्हणून किती जीव टाकला, माझं मला ठाऊक. तरी ब्रशला हात लावला न्हाई. दुसऱ्या दिवशी माझं चित्र व्हरांड्यात, दाराबाहेर. मी त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसले. म्हणलं, बघू कोण उठवतं.

दुपारी आमच्या गावची साखराबाई आली. बाजाराला आलेली, माझं ऐकून डोकावली. जमीनवाल्या घरची, गावात मोठा मान. चित्र बघून तिनं नाक मुरडलं. सर दारातच होते, त्यांना म्हणाली, "आमच्या गावात असलं काही नव्हतं बरं का. समद्यांच्या घागरी एकाच रांगेत असायच्या."

सर माझ्याकडं बघायला लागले, जशी मीच खोटी. डोस्कं असं तापलं माझं! पण आवाज चढवला न्हाई.

"असंल," मी म्हणले. "यातली तुमची कोणती, वैनी?"

"ही काय." रांगेतल्या पहिल्याच घागरीवर तिनं बोट ठेवलं. "माहेरची हाय माझ्या."

"आन् माझी?"

तिनं विचारसुदिक केला न्हाई. बोट सरळ खाली उतरलं आन् दगडापाशी टेकलं. तिथून ते उचलायला मात्र तिला लई येळ लागला.