इसोय मागबानुआसाठी निरोप

१९७९ साली, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, माझी आई अंथरुणाला खिळली होती आणि माझा थोरला भाऊ इसोय समुद्रापलीकडे नेग्रोस बेटावर ऊस तोडत होता. हे साल आमच्या कॉलेजातला विनोदवीर तेर्यो सुमागायसाय कितीतरी दिवस चुकीचं सांगायचा. आपल्या पॉडकास्टमध्ये तो कधी सत्त्याहत्तर म्हणायचा, कधी ऐंशी. त्याला लक्षात ठेवायचं कारणच काय?

मी, म्हणजे साल्विंग, तेव्हा इलोइलोला कॉलेजात होते आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या रेडिओवर निरोपाच्या खिडकीत बसत होते. गावोगावची माणसं यायची, मी त्यांचं म्हणणं चिठ्ठीवर उतरवून घ्यायची आणि संध्याकाळी पाचला ते वाचलं जायचं. रीत ठरलेली होती. आधी नाव, मग उसाच्या मळ्याचं नाव, मग निरोप, आणि सगळं पुन्हा एकदा सावकाश. निकडीच्या चिठ्ठीवर मी वरच्या बाजूला लाल पेन्सिलीने रेघ ओढायची. पलीकडे उसाच्या फडात अख्ख्या टोळीत एक ट्रान्झिस्टर असायचा. तार पाठवली तर ती मुकादमाच्या हाती पडायची, आणि माणूस काम सोडून जाऊ नये म्हणून मुकादम ती हंगाम संपेपर्यंत खिशात ठेवायचा. त्यामुळे आमच्या आवाजावर माणसांची बाळंतपणं आणि मयतं अवलंबून होती.

साडेपाचला तेर्यो यायचा. डोक्याला ओला टॉवेल गुंडाळलेला, मांडीवर जिवंत कोंबडी. कोंबडी ओरडली की बोलणं थांबवून तिला उत्तर द्यायचा. 'तिया बेबांग', म्हणजे बेबांगमावशी, नावाच्या एका रडक्या म्हातारीच्या आवाजात तो खोटे निरोप वाचायचा. आमच्याच रीतीने: नाव, मळा, निरोप, पुन्हा एकदा. "मानाप्ल्याच्या पेद्रिंगसाठी निरोप. बाबा, तुझी म्हैस कुणाचा तरी हात धरून पळून गेली. लग्नाला ये." फडात लोक गडाबडा लोळायचे म्हणे.

त्यातले निम्मे निरोप मी लिहीत होते. हे तो आज कुठेच सांगत नाही. तो जगाला सांगतो की तिया बेबांग त्याच्या डोक्यातून कोंबडीच्या अंड्यासारखी बाहेर पडली. एकदा मी इसोयचं आणि त्याच्या मळ्याचंही नाव घातलं होतं: "हासिएन्दा पुरिताच्या इसोय मागबानुआसाठी निरोप, तुझी चड्डी बकरीने खाल्ली, दुसरी पाठवता येत नाही." इसोयने इकडे येणाऱ्या पुढच्या माणसाच्या हाती मला सुकी मासळी पाठवली होती. इतका खूश झाला होता तो.

आई पडली तेव्हा मी आंतिकेला घरी गेले. तिसऱ्या दिवशी तिचा श्वास बदलला. मी चिठ्ठी लिहिली, लाल रेघ ओढली आणि इलोइलोच्या बसच्या कंडक्टरकडे दिली. आईला आम्ही नानाय म्हणायचो. चिठ्ठीत एवढंच होतं: 'हासिएन्दा पुरिताच्या इसोय मागबानुआसाठी निरोप. नानायचा श्वास लागला आहे. मिळेल त्या होडीने ये.' वाटेत बसचं चाक निखळलं. चिठ्ठी पोचली तेव्हा पाचचे निरोप संपले होते आणि तेर्यो टॉवेल बांधून बसला होता. यंत्रावर आमच्यातलाच बोनिंग नावाचा मुलगा होता. त्याने चिठ्ठी न वाचता काचेखालून आत सरकवली.

तेर्योने ती तिया बेबांगच्या आवाजात वाचली. दोनदा. फडात सगळ्यांना तो विनोदच वाटला. आई गेली. इसोय अकराव्या दिवशी आला, तोही एका ओळखीच्या माणसाकडून कळल्यावर.

घरी न येता तो आधी कॉलेजात गेला आणि तेर्योसमोर उभा राहिला.

"ती चिठ्ठी खरी होती की गमतीची?"

तेर्योला रेडिओवरून काढून टाकतील अशी भीती होती. तो थोरल्या भावाला म्हणतात तसं म्हणाला, "नोंग, साल्विंगने माझ्या कार्यक्रमासाठी पाठवली होती. तीच लिहिते ना गमती."

इसोयने घरी येऊन मला विचारलं नाही, सांगितलं. "आईचा श्वास अडकलेला असताना तुला विनोद सुचला."

मी त्याला चिठ्ठी दाखवली. बोनिंगने ती मला परत दिली होती.

"ही लाल रेघ बघ, नोंग."

"रेघ काय, काल रात्रीसुद्धा ओढता येते. ज्याने मला सांगितलं, त्याच्या तोंडून ऐकेन तर ऐकेन."

त्यानंतर चाळीस वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. त्याच्या लेकीच्या लग्नात त्याने मला शेजाऱ्यांच्या पंगतीला बसवलं. तेर्यो मात्र पुढे चढतच गेला: शहरातला मोठा रेडिओ, मग मनिलाला टीव्हीवर टॉवेल आणि कोंबडी, मग बनावट कोंबडी, मग काहीच नाही. साठी उलटल्यावर तो इलोइलोला परतला आणि बोनिंगच्या गॅरेजमध्ये पॉडकास्ट सुरू केला. नाव ठेवलं 'बिनदाताचे'. तिसरा जोडीदार कासिओ, निवृत्त दंतवैद्य. दर गुरुवारी दुपारी तिघं अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेल्या भिंतीआड बसून बात्चोयचं शेवयांचं सूप भुरकत जुन्या गोष्टी सांगायचे. लोक ऐकायचे. सगळ्यात मन लावून कोण ऐकायचं? इसोय. त्याची लेक मला म्हणाली, "तिया, बाबा ते ऐकून डोळे पुसतात हो हसता हसता." त्याचं यकृत तेव्हा निकामी होत चाललं होतं. डॉक्टरांनी पावसाळ्यापर्यंतची मुदत दिली होती.

मी तेर्योला फोन केला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"अगं इंदाय," पोरीला हाक मारावी तसा तो म्हणाला, "तू जिवंत आहेस?"

"तुझ्या दुर्दैवाने. मला तुझ्या गॅरेजमध्ये यायचंय."

त्याला वाटलं, तिया बेबांगला चाळीस वर्षं झाल्याचा सोहळा करू. तो टॉवेल बांधूनच बसला होता. माझ्यासमोर पानात गुंडाळलेल्या चिकट भाताच्या इबोसचं ताट ठेवलं. मी हात लावला नाही.

"मंडळी," तो माइकमध्ये म्हणाला, "ही साल्विंग. कॉलेजात माझ्यावर मरायची."

"तुझ्या कोंबडीवर," मी म्हणाले. "तिला अक्कल होती."

कासिओ खिदळला. बोनिंगने माझ्याकडे पाहिलं आणि खाली मान घातली.

"तुझ्या वीस भागांत मी माझे चौदा विनोद मोजले," मी म्हणाले. "ते ठेव. मला नकोत. ही चिठ्ठी वाच."

मी प्लास्टिकच्या पिशवीतून ती काढून त्याच्यासमोर ठेवली. लाल रेघ आता गुलाबी झाली होती. त्याने चष्मा चढवला, वाचली आणि माइकवर हात ठेवला.

"हे कशाला आता, साल्विंग? माझं वय झालं."

"इसोयचंही. हात काढ."

"सगळ्यांसमोर?"

"तेव्हा कोणासमोर वाचली होतीस? पाच हजार माणसांसमोर. तुझ्या आवाजात वाच. त्या म्हातारीच्या आवाजात नको."

त्याने हात काढला. टॉवेल मात्र काढला नाही. मग त्याने वाचलं, कोरड्या, म्हाताऱ्या, स्वतःच्या आवाजात. "हासिएन्दा पुरिताच्या इसोय मागबानुआसाठी निरोप. नानायचा श्वास लागला आहे. मिळेल त्या होडीने ये."

कासिओ मोठ्याने हसला. त्याचा काय दोष? टॉवेल बांधलेल्या माणसाने काही वाचलं की हसायचं, ही त्याची चाळीस वर्षांची सवय.

"गप रे," तेर्यो म्हणाला. कासिओ आणखी हसला.

तेर्योने टॉवेल सोडला. टेबलावर ठेवला. चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली, सावकाश, रीतीप्रमाणे. मग म्हणाला, "नोंग इसोय, ही खरी होती. लाल रेघ मला दिसली होती. पण मी पहिला शब्द त्या आवाजात बोलून बसलो होतो, बाहेर हसू ऐकू येत होतं, आणि मला ते थांबवायचं नव्हतं. तुम्ही आलात तेव्हा मी खोटं बोललो. साल्विंगने तुम्हाला घरी बोलावलं होतं."

मी चिठ्ठी पिशवीत घातली.

"झालं?" त्याने विचारलं. "आता तरी माफ कर."

"मी कशाला? मी बस पकडते."

तो भाग दुसऱ्या गुरुवारी बाहेर आला. खाली लोकांनी हसऱ्या चेहऱ्यांच्या ओळीच्या ओळी टाकल्या. 'तेर्यो, भारी नाटक', एकाने लिहिलं होतं. इसोयने तो दोनदा ऐकला, त्याच्या लेकीने सांगितलं. घरातली सगळी हसली, तो हसला नाही. मग तो म्हणाला, "साल्विंगला सांग, ये म्हणावं. तो मेला टॉवेलवाला बरोबर नको."

मी गेले. तो मला काही फार बोलला नाही. ऊस कापून कापून वाकडी झालेली बोटं दाखवली, आणि एकदा विचारलं, "आईने माझं नाव घेतलं होतं?" मी हो म्हणाले. ते खरं होतं.

इसोय जूनमध्ये गेला, पाऊस लागायच्या आधी. बोनिंगने गॅरेज बंद केलं आणि मुलाकडे दुबईला गेला. तिथून मला अधूनमधून फुलांची चित्रं पाठवतो. कासिओ करोनात गेला. शेवटपर्यंत त्याला वाटत होतं की ते नाटकच होतं. तेर्यो आता एकटाच पॉडकास्ट करतो, आणि त्याचा सगळ्यात जास्त ऐकला गेलेला भाग अजून तोच आहे; मुलाखतींत तो त्याला 'माझा कबुलीजबाब' म्हणतो आणि सालही आता बरोबर सांगतो. दर नाताळला माझ्याकडे त्याचा बिस्कुटांचा डबा येतो. मी तो कुत्र्यांना घालते.