नमुन्याच्या पट्ट्यावरची पाच काजे

मी नमुन्याचा एक जुना पट्टा आहे. दीड हात मांजरपाटाचे जाडेभरडे कापड, बाकी काही नाही. पण मित्रांनो, सदऱ्याला जे जे लागते ते सारे माझ्यावर शिवलेले आहे: कॉलर, कफ, चुण्या, चोरखिसा, ठिगळ आणि एका टोकाला पाच काजे, म्हणजे बटणांची घरे.

मला वऱ्हाडातल्या इंझोरी गावच्या जगदेव शिंप्याने एकोणीसशे चौतीस साली शिवले. जगदेव बोलायला लाजायचा. काम मागायला गेल्यावर कोणी "काय काय येते?" असे विचारले, की तो मला उलगडून समोर ठेवायचा. लग्नसराईत माझ्यामुळे त्याला गावोगाव काम मिळे.

मशीनवर जगदेव बसायचा. काजे मात्र त्याची बायको कस्तुराबाई हाताने करायची. शिंप्यांच्या घरी अशीच रीत होती. ते कोणाचे तरी वेगळे काम आहे, हे जगदेवच्या कधी ध्यानातच आले नाही.

एका भादव्यात कस्तुराबाई तापाने गेली. मी पेटीच्या तळाशी पडलो. मला कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, लागली. पण घरात दोन लेकी होत्या आणि ज्वारी सरत आली होती. कामरगावच्या मारोतरावांच्या कापड दुकानाला शिंपी हवा होता. जगदेवने मला झटकले आणि तो निघाला.

मारोतरावांनी मला उलटे करून पाहिले. जाणता माणूस मागची बाजू आधी पाहतो.

"तोंडात सुया धरल्या काय बे? बोल ना!" ते म्हणाले. मग त्यांचे बोट थांबले. "वा! हे काज कोनं केले?"

"बायकोनं."

"मंग तिलेही आन कामाले."

"ते गेली, मालक. चार महिने झाले."

मारोतरावांनी मला खाली ठेवले. "अन् तुले येतात का?"

"नाही येत."

"मंग काहून दाखवून राह्यला? गिऱ्हाइकाले बिनबटनाचा सदरा देऊ का मी?" त्यांनी कात्री पुढे सरकवली. "तेवढं टोक कापून टाक, अन् दुसरीकडं पाह्य."

जगदेवने कात्रीला हात लावला नाही. "मले सुई द्या," तो म्हणाला.

दुकानाच्या पायरीवर बसून तो शेवटचे काज उसवू लागला. तो एक एक गाठ सोडवून पाहत होता. मलाही नवल वाटत होते. माझ्याच अंगात काय आहे, हे मी तरी कुठे पाहिले होते? गाठींच्या खाली, बटणासाठी कापलेल्या चिरेच्या काठाने, दोन दोरे आडवे पसरलेले निघाले. त्यांच्यावर कस्तुराबाईने गाठी बसवल्या होत्या. म्हणून तिचे काज कधी ताणले जात नसे.

"असं हाय होय!" जगदेव पुटपुटला.

त्याच चिरेवर त्याने काज करायला घेतले. दोनदा बिघडले, दोनदा उसवले. दुपार टळली तेव्हा मारोतराव बाहेर आले.

"वाकडं हाय."

"हाय."

त्यांनी बटण घालून ओढून पाहिले. "पर धरते. उद्यापासून ये."

"चार तिचे हायेत, मालक. एकच माह्यं."

"दिसते ना बे मले!"

मित्रांनो, तुम्हीही एक दिवस काम मागायला जाल. आपल्या हातचे नमुने जपा, त्यांना कसर लागू देऊ नका. त्यात दुसऱ्याचा हात असेल, तर कोणी विचारण्याआधी त्याचे नाव सांगा. आणि तो माणूस अजून तुमच्या घरात असेल, तर आजच त्याच्याजवळ बसा आणि विचारा, हे तू कसे करतोस?