निळ्या खुर्चीशेजारचं बाकडं

मी एक जुनं लाकडी बाकडं आहे. डाकारच्या कर्मेल बाजारात, त्या गोल छपराखाली, यांदे न्जाय हिच्या मासळीच्या ओट्याला टेकून माझं आयुष्य गेलं. जन्माने मात्र मी होडीतलं. माझी फळी ज्या होडीची, तिने एकदा देवमाशाला शेपटीला धरून किनाऱ्यापर्यंत ओढत आणलं होतं. तो लाजून परत गेला, म्हणून कुणी पाहिला नाही, एवढंच. पुढे होडी म्हातारी झाली. एका सुताराने तिच्या फळीला चार पाय ठोकले आणि माझा समुद्र सुटला.

मित्रांनो, बाकड्याचं काम तुम्हाला सोपं वाटत असेल. दिवसभर मासळीच्या पाण्यात पाय बुडवून उभे राहा, वर गिऱ्हाइकं बसवून घ्या, मग सांगा! पण मी सुखात होतं. कारण रोज दुपारी समोरचा फुलवाला मासाम्बा जोप गुलाबांवर पाणी शिंपडून माझ्यावर येऊन बसायचा.

"आला भातखाऊ!" यांदे सुरी चालवता चालवता म्हणायची. "अख्खं पातेलं संपवलंस म्हणून बायकोने हाकललं वाटतं?"

"चाकराने मालकाच्या पातेल्यात डोकावू नये," मासाम्बा म्हणायचा. "खवले नीट काढ, न्जाय. तुझ्या आजीला माझ्या आजोबांनी हेच शिकवलं होतं."

हे भांडण नव्हे हं. आमच्याकडे न्जाय आणि जोप ही आडनावंच पिढ्यान्पिढ्या चेष्टेच्या नात्याची. एकाने दुसऱ्याला चाकर म्हणावं, खादाड म्हणावं, आणि दुसऱ्याने रागवायचं नाही. चेष्टेत बोललेला शब्दही फिरवायचा नाही. जाताना मासाम्बा माझ्यावर थाप मारून म्हणायचा, "मालकीण वाईट, पण बाकडं खानदानी!" त्या थापेवर मी दुसऱ्या दिवसापर्यंत जगायचं.

मग एके दिवशी यांदेची मुलगी किने खुर्ची घेऊन आली. निळी, प्लास्टिकची, हात असलेली.

"आई, लोकांना या ओल्या फळकुटावर काय बसवतेस? लाज वाटते मला."

फळकूट! मला!

दुपारी मासाम्बा आला, थबकला आणि खुर्चीत बसला. मागे रेलला. "अरे वा," म्हणाला, "हिला पाठ आहे!"

मित्रांनो, ते शब्द माझ्या आरपार गेले. मला पाठ नाही. असती तर मी ती फिरवली तरी असती. त्या खुर्चीला काय येत होतं? वारा आला की सरकायची, जाड माणूस बसला की कण्हायची. तिच्या घराण्यात देवमासा सोडा, साधी कोळंबी कुणी पाहिली नव्हती. तरी सगळे तिच्याकडेच धावत. माझ्यावर आता माशांच्या टोपल्या.

लाकूड जळफळलं की फुगतं. मी इतकं फुगलं की माझा एक खिळा वर आला, आणि खुर्चीकडे जाताना त्यात अडकून मासाम्बाचा नवा अंगरखा टर्रकन फाटला.

"बघितलंस?" किने ओरडली. "आई, हे बाहेर मासे भाजणारीला देऊन टाक. जळायला तरी कामी येईल."

यांदेने पुढचा मासा खवले काढायला ओढला. माझे चारही पाय थंड पडले.

"माझ्या चाकराच्या घरातलं सामान," फाटका अंगरखा धरून मासाम्बा म्हणाला, "मला न विचारता चुलीत जातंय?"

यांदेच्या तोंडून सवयीने निघालं, "भाताने भरलं नाही वाटतं पोट, आता लाकूड खा! ने उचलून!"

"साक्षीला सगळा बाजार आहे," मासाम्बा म्हणाला. "न्जायने जोपला दिलं!"

"काका, ती चेष्टा होती!" किने म्हणाली.

"चेष्टेतच तर दिलेलं परत घेता येत नाही, पोरी."

यांदेने सुरी खाली ठेवली. हसावं की रडावं, तिला कळेना. मासाम्बाने मला खांद्यावर टाकलं, पलीकडे नेलं, खिळा ठोकला आणि माझ्यावर फुलांच्या बादल्या मांडल्या. मी जळण्यातून वाचलं. पण दुसऱ्या दुपारी तो स्वतः पुन्हा समोर जाऊन निळ्या खुर्चीतच बसला. मी बादल्यांखालून बघत राहिलं. वाचलं, पण कशाला?

तेवढ्यात यांदे कमरेवर हात ठेवून मधली वाट ओलांडून आली.

"मालक माझ्या खुर्चीत लोळतोय, मग मी कुठे बसू?" असं म्हणत तिने दोन बादल्या खाली ठेवल्या आणि माझ्यावर बसली. इतकी वर्षं तिच्याजवळ राहिलं, पण तिला बसायला कधी फुरसतच नव्हती. तिचं वजन मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. फार दमलेलं होतं ते.

खुर्चीचा हेवा अजून वाटतो. खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, नवं जरूर आणा. आणि जुन्याला नुसतं पुसून, झाकून जपू नका. त्याच्यावर बसा.