रत्नाबाईंकडची अम्मा

चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत रत्नाबाईंच्या दारापासून कोपऱ्यावरच्या फुलवालीपर्यंत पोरं घेऊन आलेल्या बायकांची रांग लागली होती. रत्नाबाईंच्या नातवाला, गिरीराजला, कांजिण्या झाल्या होत्या. म्हणजे गल्लीच्या भाषेत घरी अम्मा, देवी, आली होती. शेजारी आमच्याकडे कुणीच आलं नव्हतं. गॅसवालासुद्धा.

"मंगळवारचे उपास मी करते!" माझी बायको महानंदा फणफणली. "आणि अम्मा जाते रत्नाक्काकडे!"

देवीचं सगळं कामकाज गंगव्वाकडे होतं. गिरीराजचं अंग पुसलेला टॉवेल ती कडुनिंबाच्या काठीनं उचलून पुढच्या पोराच्या अंगावर टाकी. "भक्ती असेल त्याच्याच घरी अम्मा! आपल्या गल्लीतल्या देवाप्पाच्या पोरीला मागच्या महिन्यात दुसऱ्या घरचा दिला, पंधरवड्यात आली की नाही?"

आली होती. अंगभर.

महानंदाला ते बघवेना. बाळंतपणाला आलेल्या आमच्या शुभदाला घेऊन ती रांगेत शिरली. "पोटातल्या बाळालाच आशीर्वाद घेते. मग बघू रत्नाक्काचा तोरा!"

मी वाद घातला नाही. लग्नाला बरीच वर्षं झाली आहेत. गल्लीतल्या डॉक्टर चंदनाला फोन केला. ती धावतच आली आणि रत्नाबाईंच्या दारात आडवी उभी राहिली.

"शुभदा, तुला कांजिण्या येऊन गेल्यात? लस घेतलीस?"

"नाही."

"मग आत पाऊल टाकू नकोस. श्वासातूनही लागतात. तुलाही धोका, बाळालाही."

महानंदाचा चेहरा उतरला. गंगव्वा गरजली, "अम्माचा अपमान!"

"स्वल्प थांबा, गंगव्वा. फोडांतलं पाणी टॉवेलला लागतं, टॉवेल पोरांना. मागच्या महिन्यात माझ्या मुलीवरही टाकला होतात. तिला काही झालं नाही."

"भक्ती नाही!"

"लस आहे. तुमची नातवंडं कुठायत?"

"होसकोटेला. मावशीकडे."

"शाळा चालू असताना?"

गंगव्वानं काठी पाठीमागे लपवली. देवाप्पा पुढे आला. "म्हणजे आशीर्वाद माझ्या पोरीला, आणि तुझी पोरं गावाबाहेर?"

रांग पांगली. चंदनानं रत्नाबाईंना समजावलं: रोज कोमट पाण्यानं अंघोळ, नखं कापलेली, टॉवेल आणि ताट वेगळं, गिरीराजला हात लावला की साबणानं हात धुवायचे, सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत शाळा नाही, ताप हटला नाही किंवा धाप लागली तर लगेच दवाखाना.

"डॉक्टर रत्नाक्काकडे केवढा वेळ बसली!" घरी आल्यावर महानंदा म्हणाली. हात मात्र कोपरापर्यंत धूत होती.

वाचकहो, देवाकडे काय मागायचं ते मागा. पण देणारा जो प्रसाद स्वतःच्या नातवंडांपासून लांब ठेवतो, तो आपल्या पोरांच्या अंगावर घेऊ नका.