डाळिंबकळीची फाईल

गैबीसाबनी स्टूल ओढलं आणि नातीच्या खांद्यावरून थेट कॉम्प्युटरमध्ये डोकं घातलं. सात रस्ता चौकातलं नाजनीनचं झेरॉक्सचं दुकान ते केवढं, त्यात म्हाताऱ्याची ही लुडबुड! पण आज त्यांना हटकणार कोण? चाळीस वर्षं त्यांनी चादरीच्या मागासाठी नक्षीची कार्डं ठोकली होती. जाड पुठ्ठ्याला भोकं पाडायची, ती मागानं वाचायची आणि कापडावर फूल उमटायचं. सगळ्यांत लाडकी नक्षी डाळिंबकळीची. त्या कार्डांना वाळवी लागली, तेव्हा सिद्धनाथ नावाच्या डिझायनरनं एकेक भोक मोजून नव्या मागासाठी तिची फाईल बनवली. "एकबी भोक इकडचं तिकडं करू नकोस," असं गैबीसाबनी त्याला दहादा बजावलं होतं. आणि मग घरच्यांनी काय हुशारी केली, तर जुनी कार्डं भंगारात घातली! आता जे काही उरलं होतं ते त्या फाईलीत. सिद्धनाथनं पाठवलेली लिंकही एकदाच उघडणारी होती.

फाईल उतरली. ब्राउझरनं लगेच कुरकुर केली: हा प्रकार ओळखीचा नाही, ठेवायची की टाकून द्यायची? नाजनीननं ठेवली आणि नोटपॅडमध्ये उघडली. पडदाभर चौकोन, प्रश्नचिन्हं, उलटीसुलटी अक्षरं. मुंग्यांचं वारूळ फुटल्यासारखं.

"या अल्ला! दादा, ही तर खराब हाय. व्हायरस असंल. गिऱ्हाइकांची कामं हायत ह्यात, मी टाकते काढून."

"थांब!" गैबीसाब असे ओरडले की झेरॉक्सला आलेली बाई दचकली. "कुणी पाठवली ही?"

"सिद्धनाथभाऊंनी. आत्ताच फोनवर बोलले की मी."

"मग? माणूस वळखीचा, वस्तू आपणच मागवलेली. वळखत न्हाय ते तुझं डबडं!"

"पण ह्यात फूल कुटं हाय?"

म्हातारा हसला. "लहानपणी माझ्या कार्डांवर खेळायचीस. कार्डात कधी फूल दिसलं होतं तुला?"

नाजनीननं मान हलवली. "न्हाय. नुसती भोकं."

"आपल्याला वाचता येत न्हाय म्हणून खराब होत नसतंय ते. ज्याच्यासाठी बनवलंय त्याला वाचू दे."

तिनं एका अक्षरालाही हात न लावता नोटपॅड बंद केलं, फाईल जशीच्या तशी पेनड्राइव्हवर घेतली आणि दुकान शेजाऱ्यावर सोपवून दोघं रिक्षानं चादरीच्या कारखान्यात पोचली.

संगप्पा तिथला विणकर. त्यानं पेनड्राइव्ह मागाला लावला. माग खडखडू लागला, गैबीसाब कापडावर डोळे लावून उभे राहिले. वीतभर कापड पुढं सरकलं आणि काठावर लाल कळ्या उमटायला लागल्या, एकामागून एक. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

नाजनीन मात्र वाकून बघत होती. "दादा, पाचव्या कळीला एक पाकळी कमी हाय! म्हणजे फाईल खराबच की."

"खराब न्हाय गं. ते कार्ड ठोकत होतो, तेवढ्यात निरोप आला, नात झाली म्हणून. आनंदात हात चुकला. लोक म्हणाले, कार्ड बदला. मी म्हटलं, राहू दे. चोवीस वर्षं झाली."

नाजनीननं त्या पाकळीच्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

संगप्पाला खडखडाटात यातलं काही ऐकू आलं नव्हतं. त्यालाही ती कळी खटकली होती. त्यानं माग थांबवला आणि विचारलं, "चाचा, एक पाकळी चुकलीय. करू दुरुस्त?"

"खबरदार हात लावशील तर!" नाजनीन ओरडली.